ऑक्टोबरचा पगार कोणत्या खात्यातून? अमेरिकी शाळांचा करोना निधी संपतानाची पार्श्वभूमी

अमेरिकेत शाळा चालतात त्या मुख्यतः राज्याच्या अनुदानावर आणि स्थानिक मालमत्ता करावर. फेडरल सरकारचा वाटा एरवी जेमतेम दहा टक्के. अशा व्यवस्थेत मार्च २०२० ते मार्च २०२१ या एका वर्षात तीन कायद्यांतून सुमारे १९० अब्ज डॉलर आले: आधी १३.२ अब्ज, मग ५४.३ अब्ज, शेवटी सुमारे १२२ अब्ज. या निधीला 'एसर' (ESSER, म्हणजे शाळांसाठीचा आणीबाणी मदत निधी) म्हणतात. वाटप टायटल वन या गरीब मुलांच्या शिक्षणासाठीच्या फेडरल अनुदानाच्या प्रमाणात, म्हणजे गरीब मुले जास्त तिथे जास्त, असे झाले. ते योग्यच होते. पण म्हणून पैसा थांबल्यावरचा खड्डाही त्याच डिस्ट्रिक्टांत (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत) सर्वांत खोल पडणार होता.

याआधी २००९ च्या मंदीत राज्यांना सुमारे ५३.६ अब्ज डॉलरचा स्थिरीकरण निधी मिळाला आणि २०१० मध्ये शिक्षकांच्या नोकऱ्या वाचवायला आणखी १० अब्ज. ते पैसे संपले तेव्हा राज्यांची तिजोरी सावरलेली नव्हती, आणि कपात फक्त पुढे ढकलली गेली होती हे उघड झाले. 'फंडिंग क्लिफ' म्हणजे निधीचा कडा, हा शब्द तेव्हाही वापरात होता. मात्र २००९ चा पैसा पडलेले भगदाड बुजवण्यात गेला. २०२१ मध्ये राज्यांचे उत्पन्न लवकर सावरले, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी एसरमधून नव्या जागा भरल्या गेल्या; आणि त्याच काळात पटसंख्या घटत होती. २०१९ ते २०२० या एका वर्षात सरकारी शाळांचा पट सुमारे तीन टक्क्यांनी उतरला. पट उतरला की बहुतेक राज्यांत अनुदानही उतरते. एका कड्याखाली दुसरा कडा, असे हे गणित आहे.

एसरच्या तीन हप्त्यांचा पैसा खर्ची टाकण्याच्या मुदती पहिल्या दिवसापासून ठरलेल्या होत्या: ३० सप्टेंबर २०२२, २०२३ आणि २०२४. पण 'मुदत' म्हणजे नेमके काय, इथेच अनेकांची गफलत होते. बाहेरच्या कंपनीशी केलेल्या कामाचा खर्च लेखी, बंधनकारक करार झाला त्या दिवशी धरला जातो. बिल नंतर चुकते करता येते. कर्मचाऱ्याचा पगार मात्र काम केले त्या दिवशीच खर्ची पडतो. म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये एअर हँडलरचे (इमारतीत हवा खेळवणाऱ्या यंत्राचे) कंत्राट सही झाले असेल तर ते चालत होते, पण समुपदेशकाचे वर्षाचे नेमणूकपत्र ऑगस्टमध्ये दिले असले तरी तिचा ऑक्टोबरचा पगार एसरमधून देता येत नव्हता. बिले चुकती करण्याच्या वाढीव मुदतीवरही विसंबणे धोक्याचे ठरले: मार्च २०२५ मध्ये शिक्षण खात्याने आधी मंजूर केलेल्या मुदतवाढी रद्द केल्या आणि राज्यांना कोर्टात जावे लागले.

असा निधी संपण्याच्या तयारीची पहिली पायरी म्हणून प्रत्येक पदापुढे निधीचा कोड लिहून यादी काढावी. समजा, ४० पदे एसरवर आहेत आणि भत्ते-विम्यासह एका पदाला १ लाख डॉलर लागतात. तर दरवर्षीचा ४० लाखांचा आवर्ती खर्च सर्वसाधारण निधीवर, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या नेहमीच्या उत्पन्नावर, येणार. मग निवृत्ती आणि राजीनाम्यांतून किती जागा आपोआप मोकळ्या होतील ते मोजायचे आणि किमान तीन वर्षांचा ताळेबंद घटत्या पटासह मांडायचा. पद हळूच सर्वसाधारण निधीत सरकवून वर्षभर शिलकीतून भागवणे ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण पुढच्या वर्षी तोच खर्च पगारवाढीसह परत येतो आणि शिल्लक तेवढी राहिलेली नसते.

निर्णय कॅलेंडरवरून मागे मोजत घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात शिक्षक-कपातीची प्राथमिक नोटीस १५ मार्चपर्यंत द्यावीच लागते आणि अंतिम १५ मेपर्यंत. म्हणजे यादी डिसेंबर-जानेवारीत तयार हवी. उशीर झाला की निवड करायला वेळ उरत नाही आणि सेवाज्येष्ठतेने शेवटी आलेले आधी जातात. नवे शिक्षक बहुधा गरीब वस्तीतल्या शाळांत असतात. ज्या मुलांसाठी हा पैसा आला, त्यांचेच वर्ग मग शिक्षकाविना उरतात.