अमेरिकेत लहान ब्रुअरी सुरू करताना: ब्रुअर्स नोटिसचा अर्ज, कागदपत्रे आणि अबकारी कर

अमेरिकेत विक्रीसाठी बिअर बनवायची असेल, तर माल्टचा पहिला घाणा उकळायला ठेवण्यापूर्वी संघराज्य सरकारची मंजुरी हातात असावी लागते. ही मंजुरी अर्थखात्याच्या अखत्यारीतील अल्कोहोल अँड टोबॅको टॅक्स अँड ट्रेड ब्युरो, म्हणजेच टीटीबी, देते आणि त्यासाठी करावयाच्या अर्जाला ब्रुअर्स नोटिस म्हणतात. अर्जाला शुल्क नाही. पूर्वी उत्पादकांना दरवर्षी भरावा लागणारा विशेष व्यवसाय करही २००८ मध्ये रद्द झाला आहे. त्यामुळे केंद्रीय पातळीवरील परवानगीसाठी एक डॉलरही मोजावा लागत नाही, आणि याच कारणाने अनेक नवे उद्योजक या टप्प्याला हलके लेखतात. प्रत्यक्षात ही परवानगी वेळेच्या रूपाने महाग पडते.

घरी बिअर करणाऱ्यांचा एक समज आधीच दूर करायला हवा. प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या व कुटुंबाच्या वापरासाठी वर्षाला १०० गॅलनपर्यंत, आणि घरात दोन किंवा अधिक प्रौढ असल्यास २०० गॅलनपर्यंत, बिअर कर न भरता बनवता येते. ही सवलत विक्रीला लागू नाही, मग विकलेली बाटली एकच का असेना. शिवाय राहत्या घरात ब्रुअरी थाटण्यास नियमांनीच मनाई आहे. म्हणून घरच्या स्वयंपाकघरात जमलेली पाककृती व्यवसायात आणायची, तर स्वतंत्र जागा घेण्याला पर्याय नाही.

अर्ज एकट्या मालकाला, भागीदारी संस्थेला, एलएलसीला (मर्यादित दायित्वाच्या संस्थेला) किंवा कंपनीला करता येतो. कंपनीच्या बाबतीत अधिकारी, संचालक आणि १० टक्के किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेले भागधारक यांची माहिती द्यावी लागते. घरातील कोणी भांडवल घातले असेल आणि त्याचा हिस्सा १० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर तो नुसता मदत करणारा नातेवाईक राहत नाही. अर्जाच्या दृष्टीने तो व्यवसायाचा मालकच ठरतो.

कागदपत्रांमध्ये संस्थेची नोंदणीपत्रे, कर खात्याकडून विनाशुल्क मिळणारा नियोक्ता ओळख क्रमांक (ईआयएन), सही करण्याचा अधिकार कोणाला आहे हे दाखवणारा दस्तऐवज, जागेचा भाडेकरार किंवा मालकीपत्र, जागेचा नकाशा व वर्णन, पर्यावरण व सांडपाण्याविषयीची माहिती आणि भांडवल कोठून आले याचा पुरावा यांचा समावेश होतो. यांपैकी शेवटच्या मुद्द्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. बचत, कर्ज, कुटुंबाने दिलेली रक्कम, यांतील प्रत्येक रक्कम बँकेच्या उताऱ्यावर दिसली पाहिजे आणि अर्जात लिहिलेल्या आकड्याशी जुळली पाहिजे. तशी ती जुळली नाही, तर शंका विचारणारे पत्र येते, उत्तर पाठवावे लागते आणि अर्ज तोवर थांबून राहतो.

नकाशाबाबतही तितकीच काळजी घ्यावी. ब्रुअरीची हद्द, तिच्यातील दारे आणि लगतच्या इतर व्यवसायांपासून ती कशी वेगळी केली आहे, हे त्यावरून स्पष्ट व्हायला हवे. ब्रुअरीच्या आवारातच ग्राहकांना बिअर देण्याची सोय करता येते. मात्र नळातून ग्लासात जाणाऱ्या बिअरचे मोजमाप करनिश्चितीच्या टाकीत आधी झालेले असले पाहिजे, आणि त्या टाक्यांचा उल्लेख अर्जातच करावा लागतो.

आता कराकडे वळू. हा कर बॅरलवर आकारला जातो आणि एका बॅरलमध्ये ३१ गॅलन, म्हणजे सुमारे ११७ लिटर बिअर असते. वर्षाला २० लाख बॅरलपर्यंत उत्पादन करणाऱ्या अमेरिकेतील ब्रुअरीला पहिल्या ६०,००० बॅरलवर प्रति बॅरल ३.५० डॉलर द्यावे लागतात. पूर्वी हाच दर ७ डॉलर होता. २०१८ पासून तो तात्पुरता कमी करण्यात आला आणि डिसेंबर २०२० मधील कायद्याने ही सवलत कायम झाली. वर्षाला ५०० बॅरल विकणाऱ्या ब्रुअरीचा केंद्रीय अबकारी कर त्यानुसार १,७५० डॉलर होतो. कर लागतो तो बिअर विक्रीसाठी किंवा सेवनासाठी ब्रुअरीतून बाहेर काढली जाते तेव्हा. बिघडलेला घाणा टाकीतच नष्ट केला, तर त्यावर कर द्यावा लागत नाही, परंतु नोंदवहीत त्याची नोंद हवी.

वार्षिक कर १,००० डॉलरपर्यंत अपेक्षित असल्यास विवरणपत्र वर्षातून एकदा भरता येते, तर ५०,००० डॉलरपर्यंत दर तिमाहीला. तिमाही संपल्यावर विवरणपत्र व कर भरण्यासाठी १४ दिवस मिळतात. ५०,००० डॉलरच्या या मर्यादेत राहणाऱ्यांना २०१७ पासून कराची हमी देणारे जामीनपत्रही द्यावे लागत नाही. लहान ब्रुअरीला मिळालेली ही मोठी सोय आहे, कारण जामिनाच्या हप्त्याचा खर्च त्यामुळे टळतो. उत्पादनाचा अहवाल मात्र वेगळा असतो आणि तो कालावधी संपल्यानंतर १५ दिवसांत पाठवायचा असतो.

बिअर राज्याबाहेर बाटलीत किंवा कॅनमध्ये पाठवायची असेल, तर साधारणपणे लेबलची मंजुरी घ्यावी लागते. तिलाही शुल्क नाही. आरोग्यविषयक इशारा मात्र राज्यातच विकल्या जाणाऱ्या बाटलीवरही सक्तीचा आहे. नेहमीच्या घटकांपलीकडचे काही वापरायचे झाल्यास पाककृतीची मंजुरी लागू शकते, परंतु मध, बरीच फळे आणि मसाले यांना यातून सूट दिलेली आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे उत्पादन केंद्राची नोंदणीही करावी लागते. ती विनाशुल्क असून दर दोन वर्षांनी नूतनीकरण होते.

टीटीबीच्या मंजुरीने राज्याचा परवाना आपोआप मिळत नाही. १९३३ च्या एकविसाव्या घटनादुरुस्तीनंतर मद्यविक्रीचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे आहे, त्यामुळे परवाना शुल्क, राज्याचा अबकारी कर आणि थेट किरकोळ विक्रीची मुभा राज्यागणिक बदलते. त्याखेरीज स्थानिक पातळीवर जमीनवापर, इमारत, अग्निसुरक्षा व सांडपाणी यांच्या परवानग्या लागतात. ब्रुअरीच्या सांडपाण्यात साखर व यीस्टचे प्रमाण जास्त असल्याने नगरपालिका ते गटारात सोडण्यापूर्वी प्रक्रिया करायला सांगू शकते. उतार असलेली फरशी, निचऱ्याच्या वाहिन्या, पुरेसा वीजपुरवठा आणि कार्बन डायऑक्साइडची गळती ओळखणारी यंत्रणा यांवर होणारा खर्च केंद्रीय कराच्या कितीतरी पट असू शकतो.

म्हणून भाडेकरारावर सही करण्यापूर्वी त्या जागेत ब्रुअरी चालवता येईल, असे नगरपालिकेकडून लेखी घ्यावे, आणि परवाने मिळेपर्यंत भाडे माफ किंवा कमी ठेवण्याची अट करारात घालून घ्यावी. अर्ज प्रलंबित असताना भाडे आणि कर्जाचे व्याज सुरूच राहते, आणि त्या काळात विक्रीसाठी एक घाणाही काढता येत नाही. टीटीबी अर्जांना लागणारा सरासरी कालावधी आपल्या संकेतस्थळावर देते. अंदाजपत्रकात त्याहून काही महिने अधिक धरावेत.

ब्रुअर्स नोटिसचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागत नाही. मात्र कंपनीचे नियंत्रण दुसऱ्याकडे गेल्यास ३० दिवसांत कळवावे लागते, आणि शेजारचा गाळा घेऊन जागा वाढवायची असेल, तर सुधारित नोटिस मंजूर झाल्यावरच तेथे टाकी बसवावी.