रेगेक्सने नेस्टेड कंस मॅच करणे

नेस्टेड कंस म्हणजे कंसात कंस, त्याच्याही आत कंस, कितीही खोल. उघडणाऱ्या कंसापासून त्याच्याच जोडीच्या बंद कंसापर्यंतचा मजकूर उचलायचा, ऐकायला सोपं आहे, पण साध्या रेगेक्सला (रेगुलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना चिन्हांत लिहिण्याची पद्धत) हे जमत नाही आणि पॅटर्न कितीही डोकं लावून लिहिला तरी जमणार नाही, हे गणिताने सिद्ध झालंय.

बहुतेक जण आधी \(.*?\) लावून बघतात. (अ+(ब+क)+ड) वर तो पहिल्याच बंद कंसाला थांबतो आणि हातात येतं (अ+(ब+क), म्हणजे अर्धवट. प्रश्नचिन्ह काढलं की इथे उत्तर बरोबर येतं आणि तिथेच फसायला होतं, कारण ओळीत (अ)+(ब) असे दोन सुटे कंस असले की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळंच धरतो.

1950च्या दशकात गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी मांडलेली मूळ रेगुलर एक्स्प्रेशन्स फायनाइट ऑटोमॅटन या कागदावरच्या साध्या मशीनच्या ताकदीची आहेत. या मशीनच्या स्टेट्स (अवस्था) ठरावीक असतात, वेगळी मेमरी नसते, मग किती कंस उघडे आहेत हे ते एका मर्यादेपलीकडे लक्षात ठेवूच शकत नाही. जुळणारे कंस ही कॉन्टेक्स्ट-फ्री भाषा, म्हणजे चॉम्स्कीच्या उतरंडीत (भाषांची अवघडपणानुसार लावलेली वर्गवारी) एक पायरी वर. खोली आधीच माहीत असेल तर मात्र अडत नाही, दोन पातळ्यांना \((?:[^()]|\([^()]*\))*\) पुरतं, फक्त दर पातळीला पॅटर्न लांबत जातो आणि वाचवत नाही.

आजची काही इंजिनं या मर्यादेपलीकडे गेलीत. पीसीआरई या पर्लसारख्या रेगेक्सच्या लायब्ररीमध्ये आणि 2007च्या पर्ल 5.10पासून पर्लमध्ये रिकर्शन, म्हणजे पॅटर्नने स्वतःलाच परत बोलावणं, आहे: \((?:[^()]++|(?0))*\). यातला (?0) म्हणजे अख्खा पॅटर्न इथे परत लाव. तो दुहेरी अधिक (++) अजिबात विसरू नये, एकच ठेवला आणि कंस बंदच झाला नाही तर इंजिन त्याच अक्षरांचे वेगवेगळे तुकडे पाडून बघत बसतं आणि वेळ भयंकर वाढू शकतो. डॉटनेटमध्ये रिकर्शनऐवजी बॅलन्सिंग ग्रुप आहेत, म्हणजे उघडलेल्या कंसांची नोंद ठेवून बंद कंसाशी जुळवणारे गट. जावास्क्रिप्ट आणि पायथनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये दोन्ही नाहीत.

तिथे सरळ लूप लिहावा: कंस उघडला की काउंटर एकने वाढवा, बंद झाला की कमी करा, शून्य झाला की जोडी मिळाली. चौकोनी, महिरपी असे वेगवेगळे कंस मिसळले असतील तर काउंटर पुरत नाही, स्टॅक लागतो, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी काढायची यादी. आणि प्रोग्रामचा कोड तपासत असाल तर अवतरणचिन्हांतले नि कॉमेंटमधले कंस मोजायचे नसतात, तेव्हा त्या भाषेचा तयार पार्सर (कोडची रचना वाचणारा प्रोग्राम) वापरणंच खरं.