कंपनीत मशिनवर लागलं तर ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) क्लेम कसा करायचा: पात्रता, कागदपत्रं आणि त्याच दिवशी काय लिहून घ्यायचं

प्रेस मशिनवर बोट गेलं की पहिल्या तासाभरात जे होतं त्यावर पुढची सगळी केस ठरते, हे मी भोसरीच्या शॉपफ्लोअरवर डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतोय. आमच्या लाईनवरच्या एका पोराचं अंगठ्याशेजारचं अख्खं बोट गेलं, सुपरवायझरने त्याला गाडीवर बसवून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं, बिलही भरलं, आणि जाता जाता सांगितलं की डॉक्टरने विचारलं तर घरी लोखंडी दारात सापडलं म्हण, नाहीतर पोलीस केस होईल. पोरगं घाबरलेलं, तसंच बोललं, आणि डॉक्टरने तसंच लिहिलं. पुढचे आठ महिने तो एक कागद खोडून काढण्यात गेले.

त्यामुळे बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा. दवाखान्यातल्या पहिल्या केस पेपरवर "कंपनीत, मशिनवर काम करताना" हे शब्द आले पाहिजेत, वेळ आली पाहिजे, आणि त्याच दिवशी कंपनीच्या अपघात रजिस्टरमध्ये नोंद झाली पाहिजे. हे रजिस्टर म्हणजे फॉर्म ११. त्यात नाव, इन्शुरन्स नंबर, तारीख, वेळ, जागा, काय करताना लागलं, कुठे लागलं आणि साक्षीदारांची नावं असतात. ज्याला लागलंय त्यानेच सांगायला पाहिजे असं नाही, सोबतच्या कुणीही त्याच्या वतीने सुपरवायझरला किंवा फोरमनला सांगितलं तरी चालतं, तोंडी सांगितलेलंही नियमात धरलं जातं. पण तोंडी सांगितलेलं नंतर कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाका, म्हणजे तारीख आणि वेळ आपोआप राहते, आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून घ्या.

आता कोणाला मिळतं ते बघू. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत (दिव्यांग कामगाराला २५,०००), ओव्हरटाईम ह्या मर्यादेत धरत नाहीत. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो, सॅलरी स्लिपवर दिसतं. आजारपणाच्या पैशाला ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन लागतं, अपघाताला ती अट नाही, कामाच्या पहिल्या दिवशी लागलं तरी क्लेम बसतो. ठेकेदाराकडे असाल तरी बसतो, कारण ठेकेदाराने नाव नोंदवलं नसेल तर मूळ कंपनी जबाबदार असते. आणि नावच चढवलेलं नसेल तर मालकाने केलेल्या चुकीची शिक्षा कामगाराला नाही, कॉर्पोरेशन (म्हणजे ईएसआयसी) आधी कामगाराला देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकतं, त्यासाठी तुम्ही तिथे कामाला होता हे दाखवायला हजेरी कार्ड, गेटपास, बँकेत आलेला पगार, जे असेल ते सांभाळून ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत आणि ईएसआयचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, त्यात धोकादायक कामाच्या ठिकाणी एक कामगार असला तरी ईएसआयसी लावायची सोय आहे. मी इथे जुने फॉर्म नंबर देतोय कारण बदलाच्या काळात जुने नियम चालू ठेवलेत, तरी ईएसआयसीच्या ब्रँच ऑफिसला गेल्यावर नंबर एकदा विचारून घ्या.

लोक सगळ्यात जास्त इथे फसतात (गार्ड म्हणजे मशिनवरचं संरक्षक कव्हर): "गार्ड तूच काढलं होतंस, तुझी चूक आहे, तुला काय मिळणार नाही." हे खोटं आहे. मालकाच्याच कामासाठी मशिनवर होतात तर नियम मोडला म्हणून ईएसआयचा हक्क जात नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. आणि कामावर असताना झालेला अपघात कामामुळेच झाला असं धरून चालतात, उलट पुरावा कुणी दाखवला तरच वेगळं. गार्ड काढल्याशिवाय प्रॉडक्शनचा आकडा बसत नाही हे प्रत्येक प्रेस शॉपमध्ये माहीत असतं, आणि तरी बोट गेलेल्या माणसालाच मान खाली घालायला लावतात, ह्याचा मला फार राग येतो.

घरून कामाला येताना किंवा परत जाताना रस्त्यात लागलं तरी बसतं, फक्त तो प्रवास आणि कामाची वेळ जुळली पाहिजे. अशा केसला पोलिसांचा कागद बहुतेक वेळा मागतात, त्यामुळे पडल्यावर उठून घरी जाऊ नका. आवाजाने कान जाणं, सिलिकोसिस, शिशाची विषबाधा असे कामाने होणारे आजारही ह्यातच येतात, त्याची वेगळी यादी आहे.

अपघाताचा रिपोर्ट भरायचं काम मालकाचं. तो फॉर्म १२, आता ऑनलाईनच भरतात, कळल्यापासून २४ तासांत, आणि मृत्यू झाला असेल तर लगेच. एचआरकडून त्याची कॉपी मागून घ्या. देत नसतील तर स्वतः ब्रँच ऑफिसला लेखी अर्ज द्या, त्यावर आवक शिक्का घ्या, ब्रँच मॅनेजर चौकशी लावू शकतो. आमच्या पोराचं असंच झालं, सोबतच्या दोघांनी साक्ष दिली, त्या दिवशीचं हजेरीचं पान निघालं, आणि "घरी दारात सापडलं" म्हणणाऱ्या माणसाचं सकाळचं पंचिंग सातचं आणि दवाखान्याची वेळ साडेदहाची होती, मग घर मधेच कुठून आलं.

उपचार शक्यतो कामगार विमा दवाखान्यात किंवा हॉस्पिटलमध्ये घ्या, पुण्यात चिंचवडला मोहननगरला आणि बिबवेवाडीला आहे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नागपूरलाही आहेत. रक्त वाहतंय आणि खाजगी जवळ आहे तर अर्थातच आधी तिथेच जा, फक्त बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे सगळं ओरिजिनल ठेवा म्हणजे इमर्जन्सी म्हणून पैसे परत मागता येतात. नंतर लगेच आपल्या डिस्पेन्सरीत जाऊन सर्टिफिकेट सुरू करा. पहिलं सर्टिफिकेट, मधली, आणि शेवटी फिटनेसचं. मधे खंड पडला तर तेवढ्या दिवसांचे पैसे अडकतात. फिट नसताना "हलकं काम देतो, ये" म्हणून बोलावतात, तेव्हा जाऊ नका, त्या दिवसांची हजेरी लागली की बेनिफिट बंद होतो.

कागदपत्रं फार नाहीत. पहचान कार्ड (ईएसआयसीचं ओळखपत्र) किंवा आयपी नंबर (तोच इन्शुरन्स नंबर), आधार, बँक पासबुक (पोर्टलवर खातं जोडलेलं आहे का ते आधी बघा, इथेच खूप लोक अडकतात), फॉर्म १२ ची कॉपी, मेडिकल सर्टिफिकेटं, पहिला केस पेपर, आणि क्लेमचा फॉर्म ९. आधारवरचं आणि ईएसआयवरचं नाव सारखं करून घ्या, "दत्ता" आणि "दत्तात्रय" एवढ्यावरून फाईल परत येते.

पैसे किती ते सांगतो. कामावर जाता येत नाही तोपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के, पण अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस तरी काम बंद पाहिजे. सरासरी रोज ६०० रुपये असेल तर दिवसाला ५४०. नंतर कायमचं अपंगत्व राहिलं तर फॉर्म १४ भरून मेडिकल बोर्ड, ते कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतात. कायद्याच्या परिशिष्टात टक्के दिलेत: अंगठा गेला तर ३०, अंगठ्याशेजारचं अख्खं बोट १४, मधलं १२, करंगळी ७, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४०. म्हणजे ५४० चे १४ टक्के, ७५ रुपये ६० पैसे रोज, महिन्याला साधारण २,२६८. कमी वाटतं, पण हे आयुष्यभर मिळतं, नोकरी सुटली तरी, दुसरीकडे लागलात तरी. एवढ्यासाठीच "पन्नास हजार घे आणि सही कर" म्हणतात तेव्हा सही करायच्या आधी हा हिशोब घरी बसून करा, एकवीस वर्षांच्या पोराला पुढची चाळीस वर्षं काढायची असतात. बोर्डाने टक्के कमी दिले असं वाटलं तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येतं.

मृत्यू झाला तर घरच्यांना ९० टक्क्यांच्या हिशोबाने दरमहा मिळतं. पत्नीला तीन-पंचमांश, प्रत्येक मुलाला दोन-पंचमांश, बेरीज जास्त झाली तर सगळ्यांचं प्रमाणात कमी होतं. फॉर्म १५, मृत्यूचा दाखला, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा पुरावा. अंत्यविधीचे १५,००० वेगळे. तेराव्यापर्यंत कुणी काही विचारत नाही, आणि तोपर्यंत साईटवरचे साक्षीदार गावाला निघून गेलेले असतात, म्हणून नातेवाईकांपैकी एकाने तरी पहिल्या आठवड्यात ब्रँचला जाऊन यावं.

पगार २१,००० च्या वर आहे, किंवा जागेला ईएसआय लागूच नाही, तर रस्ता वेगळा, कर्मचारी नुकसानभरपाई, कामगार न्यायालयात, दोन वर्षांच्या आत अर्ज. तिथे मृत्यूला पगाराच्या निम्मे गुणिले वयाचा आकडा (कायद्याच्या तक्त्यात वयाप्रमाणे दिलेला). हिशोबाला पगार १५,००० पर्यंतच धरतात, तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, १५,५९,८५० रुपये. मालकाने महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं आणि दंडही होऊ शकतो. पण इथे दारू पिऊन होता, मुद्दाम गार्ड काढलं असं म्हणून मालकाला हात वर करता येतात, फक्त मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व असेल तर तेही चालत नाही. दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत, ईएसआयमध्ये असाल तर ईएसआयच.

आणि ज्या मशिनवर लागलं ते तसंच चालू असेल, गार्ड नसेल, दोन हातांचं बटण (दोन्ही हातांनी दाबल्यावरच मशिन चालतं ते) बायपास केलेलं असेल, तर ती तक्रार ईएसआयकडे नाही, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, ज्याला आपण "डिश" म्हणतो, नाव गुप्त ठेवा असं लिहून देता येतं. क्लेमबद्दल ब्रँच दाद देत नसेल तर ईएसआयसीचा टोल फ्री नंबर १८००-११-२५२६. बेनिफिट चालू असताना कामावरून काढता येत नाही, काढलं तर काढल्याचा कागद किंवा मेसेज घेऊन त्याच आठवड्यात ब्रँचला आणि लेबर ऑफिसला दोन्हीकडे द्या.