निमंत्रक कोण, सल्लागार कोण: विद्यार्थ्यांची परिषद भरवताना

एम.एस्सी.च्या किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी जीवशास्त्राची परिषद भरवायचं ठरवलं की पहिल्याच बैठकीत विषय निघतो, प्राध्यापकांपैकी कोणाला घ्यायचं? मग ज्यांचा शब्द कोणी मोडत नाही अशा एका मॅडमचं नाव पुढे येतं. ब्रोशरवर त्या एके ठिकाणी निमंत्रक असतात, दुसऱ्या ठिकाणी सल्लागार. बोलताना तर ही दोन्ही पदं सर्रास एकच धरली जातात. पण कामं वेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळली की एक तर हिशेबाचा घोळ होतो, नाहीतर परिषद विद्यार्थ्यांची फक्त नावापुरती उरते.

निमंत्रकाचं काम आधी सांगून टाकते, ते सरळ आहे. निमंत्रक संस्थेच्या वतीने सही करतो. सभागृहाची परवानगी, पाहुण्यांचा प्रवासखर्च आणि मुक्काम, बाहेरून येणारा पैसा, सगळ्याला उत्तरदायी तोच. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, किंवा सीएसआयआर, आयसीएमआर या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थांकडे परिषदेसाठी अनुदान मागायचं तर विद्यार्थी मंडळाच्या लेटरहेडवर ते होत नाही. संस्थेतल्या प्राध्यापकाने संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो. पैसे खर्च झाले की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं प्रमाणपत्र, द्यायचं असतं, आणि स्वायत्त संस्थांसाठी ते केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) 12-ए या ठरलेल्या नमुन्यात असतं. जेवणाच्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही, टॅक्सीची पावती हरवली, अशा गोष्टी तिथे अडतात, आणि अडल्या की विचारणा निमंत्रकाकडे होते.

म्हणून काही बाबतींत निमंत्रकाने ठाम नाही म्हणायलाच हवं. नोंदणीच्या पोस्टरवर सचिव असलेल्या मुलीच्या स्वतःच्या खात्याचा यूपीआय कोड छापला जातो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. मुलांचा हेतू स्वच्छ असतो, घाई असते, कॉलेजच्या खात्यातून पैसे काढायला वेळ लागतो हेही खरं. पण शंभर-दोनशे जणांचं नोंदणी शुल्क एका विद्यार्थिनीच्या बचत खात्यात जमा होणं तिच्याच अंगाशी येऊ शकतं. इथे चर्चा नको. निमंत्रकाने तो कोड काढायला लावावा आणि संस्थेच्या खात्यात पैसे कसे जमा होतील याची सोय स्वतः उभं राहून करून द्यावी.

सल्लागाराचं काम याच्या उलट अंगाने चालतं. त्याच्या हातात सही नसते, आणि नसावीच. निर्णय विद्यार्थी घेतात, सल्लागार तो निर्णय नीट विचार करून घेतला जातोय ना हे पाहतो. हे लिहायला सोपं आहे, करायला फार संयम लागतो.

परिषदेत काम मांडू इच्छिणारे त्याचा सारांश आधी पाठवतात. त्या सारांशांच्या निवडीचं उदाहरण घ्या. आपल्याकडच्या परिषदांत एक प्रकारचा सारांश हमखास येतो. अमुक वनस्पतीच्या पानांचा मेथनॉलमधला अर्क, जीवाणू वाढवायच्या अगार प्लेटवर ई. कोलाय हे जीवाणू, अर्क भरलेल्या छिद्राभोवती जीवाणू न वाढलेलं 14 मिमीचं स्वच्छ वर्तुळ, निष्कर्ष: वनस्पतीत जीवाणूरोधक गुण आहेत. निवड समितीतली मुलं असा सारांश एक तर डोळे झाकून स्वीकारतात, कारण भाषा बरी आहे, किंवा ‘यात नवीन काय’ म्हणून बाजूला टाकतात. चांगला सल्लागार यातलं काहीच करत नाही. तो विचारतो, “नुसतं मेथनॉल टाकून पाहिलंय का त्यांनी?” समिती सारांश पुन्हा वाचते. कंट्रोलचा, म्हणजे अर्काशिवाय नुसतं मेथनॉल टाकून केलेल्या तुलनेच्या प्रयोगाचा, उल्लेखच नाही. 14 मिमीपैकी किती अर्कामुळे आणि किती मेथनॉलमुळे, हे कळायला मार्ग नाही. मग पुढचा प्रश्न, “हे पाठवणाऱ्याला कसं कळवाल?” आता मुलांना अभिप्राय लिहावा लागतो: द्रावकाचा कंट्रोल जोडा, प्रयोग किती वेळा केला ते सांगा, मग पोस्टरसाठी, म्हणजे काम तक्त्यावर मांडण्यासाठी, विचार करू. एका सारांशावर वीस मिनिटं गेली. पण त्या वीस मिनिटांत समितीतली चार मुलं परीक्षण म्हणजे काय ते शिकली, आणि दुसऱ्या गावातल्या अनोळखी विद्यार्थ्याला त्याच्या कामावर बहुधा पहिल्यांदाच कोणी गंभीरपणे काही लिहिलं. विद्यार्थ्यांनी परिषद भरवण्याचा सगळा अर्थ मला इथे दिसतो. सल्लागाराने तोच सारांश स्वतः वाचून ‘नाकारा’ असा शेरा मारला असता तर काम दोन मिनिटांत झालं असतं आणि कोणाच्याच पदरात काही पडलं नसतं.

वक्त्यांच्या बाबतीत मोह जास्त. सल्लागाराच्या ओळखी असतात, फोन केला की लोक येतात. मुलांना ते हवंही असतं. पण यादीतले निम्मे वक्ते सरांचे जुने सहकारी निघाले की विषय मुलांचा राहत नाही. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या ईएमबीएल या जीवशास्त्राच्या युरोपीय प्रयोगशाळेत दरवर्षी पीएच.डी.चे विद्यार्थीच परिसंवाद भरवतात. विषय ते ठरवतात, आपल्याला कोणाला ऐकायचंय हेही तेच ठरवतात. माझ्या मते क्रम असाच असावा. नावं मुलांनी काढायची, पत्राचा मसुदा त्यांनी लिहायचा, आणि सल्लागाराने एवढंच बघायचं की या शास्त्रज्ञाला नेमकं का बोलावलंय हे पहिल्या तीन ओळींत कळतंय का. गरज पडली तर खाली स्वतःच्या दोन ओळी जोडाव्यात.

ही दोन कामं वेगळी ठेवता येतात याचा चांगला दाखला गॉर्डन रिसर्च सेमिनारचा. गॉर्डन परिषदा या विज्ञानाच्या वेगवेगळ्या विषयांवर भरणाऱ्या परिषदा. त्यांची सुरुवात 1931 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झाली. पुढे त्यांतल्या बऱ्याच परिषदांच्या आधीचा शनिवार-रविवार तरुणांसाठी राखला जाऊ लागला. या दोन दिवसांच्या सेमिनारचं अध्यक्षपद पीएच.डी.चे विद्यार्थी किंवा पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर संशोधन करणारे तरुण) सांभाळतात आणि बोलणारेही बहुतेक त्याच वयाचे. जागा, नोंदणी, व्यवहार ही बाजू गॉर्डनची संस्था बघते. सल्ला द्यायला मुख्य परिषदेचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ असतात. हिशेब एकाकडे, विज्ञानाची सल्लामसलत दुसऱ्याकडे, आणि कार्यक्रम मुलांचा.

एक ठिकाण असं आहे जिथे सल्लागाराने प्रश्न विचारून थांबू नये, स्पष्ट सांगावं. एखाद्या पोस्टरमध्ये पेटंट होऊ शकेल असं काम दिसलं तर ते जाहीर मांडण्याआधी त्या विद्यार्थ्याच्या मार्गदर्शकाला कळवायला लावावं. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 31 मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी 12 महिन्यांची सवलत आहे. पण ती प्रत्येक पोस्टरला लागू होईल असं गृहीत धरू नये, आणि युरोपात परिषदेत एकदा मांडलेलं काम पेटंटसाठी सहसा नवं धरलंच जात नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला हे माहीत असण्याचं कारण नाही, सल्लागाराला असलंच पाहिजे.

ब्रोशरच्या मागच्या पानावर छापलेलं ‘सल्लागार मंडळ’ हा आणखी वेगळा प्रकार. कुलगुरू, दोन संचालक, परदेशातले एक प्राध्यापक. यांतल्या प्रत्येकाला विचारलंय का, हे तपासा. विज्ञान-नियतकालिकं काढणाऱ्या आणि परिषदा भरवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने केलेल्या खटल्यात एक आरोप नेमका हाच होता: ज्यांनी होकार दिला नव्हता अशा शास्त्रज्ञांची नावं परिषदांच्या जाहिरातीत वापरली. 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने 5 कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. तुमचा हेतू कितीही चांगला असो, न विचारता छापलेलं नाव हे न विचारताच छापलेलं असतं. लेखी होकार आल्याशिवाय नाव नको, आणि तो होकार निमंत्रकाच्या फाइलमध्ये लागलेला हवा.

छोट्या कॉलेजांत विभागात दोन-तीनच प्राध्यापक असतात, तिथे दोन्ही पदं एकाच व्यक्तीकडे येतात. त्याला इलाज नाही. अशा वेळी बैठका तरी वेगळ्या घ्याव्यात. पैशाच्या बैठकीत मॅडमनी निर्णय सांगावा, कार्यक्रमाच्या बैठकीत त्यांनी शेवटी बोलावं. मुलांनीही प्रश्न कोणता ते पाहून विचारावा. “याला परवानगी आहे का?” हा निमंत्रकाचा प्रश्न. “हे बरोबर आहे का?” हा सल्लागाराचा. आणि पोस्टर स्पर्धेत दोघांपैकी कोणाचाही स्वतःचा विद्यार्थी असेल तर परीक्षक बाहेरचा बोलवावा, त्याच्या प्रवासखर्चाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करून ठेवावी.