ब्रेक पॅड कधी बदलायचे? किलोमीटर सोडा, जाडी बघा

ब्रेक पॅड किती किलोमीटरला बदलायचे हा प्रश्न गॅरेजवर हमखास विचारला जातो, आणि समोरचा पण ठोकून देतो, तीस हजार, चाळीस हजार. पॅडला त्या आकड्याशी फारसं घेणंदेणं नसतं राव. एक जण रोज बीड ते गेवराई हायवेनं निवांत जातो, दुसरा संभाजीनगरात गुलमंडीच्या गर्दीत मिनिटामिनिटाला ब्रेक दाबतो, दोघांच्या मीटरवर आकडा सारखाच, पण दुसऱ्याचे पॅड कधीच संपलेले असतात. पॅड झिजतो तो गाडी थांबवताना.

धावत्या गाडीत जी ऊर्जा असते ती थांबताना कुठंतरी जायला पाहिजे ना. हजार किलोची गाडी 80 च्या स्पीडला असली की तिच्यात साधारण अडीच लाख ज्यूल ऊर्जा असते, ब्रेक दाबला की पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून चिमटतात आणि त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, एवढ्यात पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. आणि स्पीड निम्मा म्हणजे 40 केला तर ऊर्जा निम्मी नाही, पाव होते. म्हणून पुढं उसाची ट्रॉली दिसली की लांबूनच ॲक्सिलरेटर सोडणाऱ्याचे पॅड टिकतात, आणि पार ट्रॉलीच्या बुडाशी जाऊन ब्रेक मारणाऱ्याचे लवकर जातात.

घाटात तर विचारूच नका. कन्नडहून चाळीसगावकडं उतरताना हीच गाडी उंचीत 100 मीटर खाली आली की जवळपास दहा लाख ज्यूल सुटतात, म्हणजे 80 वरून चार वेळा पूर्ण थांबण्याएवढे. थोडे हवेत आणि टायरमधे जातात, बाकीचे एक तर इंजिन खाणार नाही तर ब्रेक. पाय ब्रेकवरच ठेवून उतरलात तर पॅड इतके तापतात की त्यांची पकडच ढिली पडते. त्यात पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल जुनं असलं तर अजून वाईट, कारण ते हवेतलं पाणी ओढतं; ताजं डॉट 4 ग्रेडचं ऑइल 230 अंशापर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं मात्र 155 च्या आसपास उकळू शकतं, लाइनमधे वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गियरमधे उतरायचं, आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे लई आहेत, पण आजकालच्या इंजेक्शनवाल्या गाड्या गियरमधे उतरताना पेट्रोल बंदच करतात, न्यूट्रलमधे उलट इंजिन चालू ठेवायला जळतं.

आता जाडी. नव्या पॅडवर झिजणारा थर साधारण 10 ते 12 एमएम असतो, मागची लोखंडी पट्टी त्यात धरायची नाही. 3 एमएम उरला की बदलायचा. अलॉय व्हील असेल तर मोबाइलची बॅटरी मारून फटीतून बाहेरचा पॅड दिसतो, पण त्याच्यावर जाऊ नका, बऱ्याच गाड्यांत आतला पॅड आधी झिजतो आणि तो चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही. काही पॅडला बारीक पत्र्याची जीभ असते, थर संपत आला की ती डिस्कला घासून चिंईंई असा बारीक आवाज देते. पावसानंतर सकाळी दोन-चार ब्रेकला खरखर होऊन थांबली तर तो डिस्कवरचा गंज, सोडून द्या. पण दाबला की घर्रर्र असा जाड आवाज आला तर लोखंडावर लोखंड घासतंय, आता पॅडसोबत डिस्कचा पण खर्च. पॅड घासून देतो, आवाज जाईल म्हणणारे मिस्त्री असतात, आवाज जातो पण, जाडी थोडीच वाढते!

बदलायचं काम अवघड नाही, धसमुसळेपणा चालत नाही एवढंच. चाकाचे नट जॅक लावायच्या आधी ढिले करायचे, मागच्या चाकाला दगड लावायचा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालायचा नाही, खाली स्टँड पाहिजेच. कॅलिपर, म्हणजे पॅड धरून दाबणारा भाग, काढला की तारेनं वर बांधायचा, ब्रेकच्या पाइपला लटकवायचा नाही. नवा जाड पॅड बसावा म्हणून कॅलिपरचा पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, सरळ आत दाबताना ब्रेक ऑइलच्या बाटलीतलं ऑइल वर चढतं, सांडलं तर पेंट खातं. पॅड झिजून साचलेला कचरा हवेनं उडवू नका, नाकात जातो, ओल्या फडक्यानं पुसा. एका बाजूचाच पॅड बदलायचा नाही, डावं-उजवं सोबतच, नाही तर गाडी एका बाजूला ओढते. मागच्या चाकाला इलेक्ट्रिक हँडब्रेक असला तर सरळ गॅरेजला न्या, तिथं पिस्टन जबरदस्तीनं दाबला की मोटर जाते.

सगळं बसवून झालं की गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं, पहिल्या दाबाला ते पार खाली जातं. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रोडवर 50-60 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबून आणायची, मधे थोडं गार होऊ द्यायचं.

आणि जुने पॅड गॅरेजवरून मागून घ्या, समोरासमोर धरा. आतला पातळ आणि बाहेरचा जाड निघाला तर कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना जाम असायची शक्यता आहे, आपल्याकडच्या धुळीचिखलात हे होतंच, पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस नाही लावलं तर नवे पॅड पण तसेच तिरके खाणार.