न संपणारा ताण: एका वैद्यकीय कल्पनेची पार्श्वभूमी

‘टेन्शनमुळे बीपी वाढले’ हे वाक्य नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ऐकू येते, तसेच निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतही. काळजीने शरीर पोखरते ही समजूत जुनीच आहे. पण ते नेमके कोणत्या मार्गाने पोखरले जाते याचा शोध जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्यातही सुरुवातीला संशोधकांचे लक्ष दीर्घकाळच्या ताणाकडे नव्हतेच.

अमेरिकेतील हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांचे पचन पाहत होते. मांजर घाबरले की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे 1915 साली त्यांनी मांडले की संकट समोर येताच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे संप्रेरक (हार्मोन) सुटते, हृदयाची गती वाढते, रक्तातील साखर चढते आणि प्राणी लढायला किंवा पळायला सज्ज होतो. ही सगळी तयारी काही मिनिटांसाठीची होती. धोका आठवडेच्या आठवडे टळलाच नाही तर काय होते, हा प्रश्न कॅनडात मॉन्ट्रियलमधील संशोधक हान्स सेल्ये यांच्या कामातून पुढे आला, आणि तोही काहीसा अपघातानेच. ग्रंथींचे अर्क टोचलेल्या उंदरांमध्ये नवे संप्रेरक सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात कोणताही त्रासदायक पदार्थ टोचला, कडाक्याच्या थंडीत ठेवले किंवा अतिश्रम करायला लावले, तरी अधिवृक्क ग्रंथी फुगणे, थायमस ही रोगप्रतिकाराशी निगडित ग्रंथी आक्रसणे आणि जठरात व्रण पडणे हे तेच तीन परिणाम दिसत होते. ‘नेचर’मध्ये 4 जुलै 1936 रोजी प्रसिद्ध झालेल्या छोट्याशा पत्रात त्यांनी इशारा, प्रतिकार आणि अखेर थकवा अशा तीन अवस्था सांगितल्या.

सेल्ये यांचे ऋण मान्य करतानाच दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. माणसाच्या अल्सरचे खापर पुढे कित्येक दशके ताणावर फोडले गेले; पण 1980च्या दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक जठरव्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवले, आणि त्यासाठी त्यांना 2005 चे नोबेल मिळाले. दुसरी गोष्ट अधिक खटकणारी आहे. सेल्ये यांच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाचा पैसा मिळत होता, हे त्या उद्योगाची कागदपत्रे खुली झाल्यावर उघड झाले. हृदयविकाराचा दोष सिगारेटऐवजी ताणाकडे जाणे कोणाच्या सोयीचे होते, हे वेगळे सांगायला नको.

ताण मेंदूपर्यंत कसा पोहोचतो, हे समजायला 1968 साल उजाडावे लागले. अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात ताणाच्या संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे ते संप्रेरक पकडणारे रेणू, सापडले. माणसात ताणाचे मुख्य संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. एरवी ते पुरेसे झाले की मेंदूच त्याचा स्राव आवरता घेतो. ते पहाटे चढते आणि रात्री उतरते. ताण दीर्घकाळ राहिला की हा लगाम सैल पडू शकतो. मग झोप उडते, रक्तदाब आणि साखर चढी राहते, पोटाभोवती चरबी साठते, विसरभोळेपणा आणि चिडचिड वाढते. जुळवून घेण्याची ही जी किंमत शरीर साचवत जाते, तिची मांडणी मॅकइवेन यांनी 1993 साली केली.

तरीही आपल्याकडे ताण हा ‘साहेबांचा आजार’ समजला जातो. लंडनमधील सरकारी नोकरांवर 1967 साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने नेमके उलटे दाखवले: सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होता, आणि धूम्रपानासारख्या कारणांनी या फरकाचा काही भागच उलगडत होता. पुढच्या टप्प्यात स्वतःच्या कामावर ताबा नसणे आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. माझ्या मते नाशिक जिल्ह्याला सर्वांत जवळून लागू पडणारा निष्कर्ष हाच आहे. फळांसाठीच्या गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत बागायतदार औषध, पाणी, मजुरी सारे करू शकतो, पण अवकाळी पाऊस आणि गारपीट त्याच्या हातात नसते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने हे दाखवून दिले. लासलगावला कांदा नेणाऱ्याची स्थिती वेगळी नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, आणि त्याचा परिणाम शेतात नव्हे तर लिलावात कळला. लाइनवर पाळ्या बदलणाऱ्या कामगाराचेही तसेच: रात्रपाळीत शरीराचे घड्याळ एकीकडे आणि कामाचे तास दुसरीकडे.

मोजता येणाऱ्या परिणामांत एक लहानसा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या 13 स्त्रियांच्या त्वचेवर छोटीशी जखम करून ती भरण्याचा काळ मोजला गेला. इतर 13 स्त्रियांच्या तुलनेत तो सरासरी 9 दिवसांनी जास्त निघाला. हा अभ्यास 1995 चा. त्यानंतर 2009 मध्ये परीक्षेच्या तयारीतील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मेंदूत लक्ष वळवण्याच्या क्षमतेशी संबंधित जोडणी ताणाने मंदावलेली आढळली, आणि ताण कमी झाल्यावर महिनाभरात ती पूर्ववत झाली. म्हणजे तरुण मेंदूत नुकसान भरून येते, पण त्यासाठी मोकळा महिना मिळावा लागतो, आणि द्राक्षबागेत काढणी आटोपते न आटोपते तोच एप्रिलच्या खरड छाटणीचा खर्च उभा राहतो.