एकाच बोंडवाचे दोन वास

एप्रिलमध्ये दोडामार्गहून डिचोलीकडे निघालं की वाटेत काजूचे दोन वास येतात. अलीकडे, सिंधुदुर्गात, बी काढून टाकलेल्या बोंडवांचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळांचा, कुजका. पलीकडे, गोव्यात, भट्टीवर चढलेल्या रसाचा. झाड तेच, माती तीच. फरक पडला तो कायद्यामुळे.

काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. त्याआधीपासून कोकणचं पेय म्हणजे माडी. भंडारी माडावर चढायचा, न उमललेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, बांधून तिचं टोक रोज छाटायचा आणि खाली मडकं अडकवायचा. उतरवलेला रस काही तासांतच आपोआप आंबतो, म्हणून माडी दूर नेता येत नाही. पिणाऱ्यालाच माडाजवळ जावं लागतं. जिथे बनतं तिथेच बसून प्यायचं, ही आज शहरी ब्रूअरीत नवी वाटणारी रीत आपल्याकडे माडीच्या दुकानात रोजचीच होती. हे विसरलं गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला आणि छेद द्यायच्या झाडागणिक कर लागला. घरगुती गाळप गुन्हा ठरलं, विक्री ठेकेदारांकडे गेली. ज्याच्या हातात कसब होतं त्या भंडाऱ्याचंच यात सर्वाधिक नुकसान झालं. त्यावर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. न आंबलेल्या नीरेला परवाना मिळाला, माडीला नाही. पुढे बंदी सैल झाली, तरी पिण्याचा परवाना मागणारा तो कायदा महाराष्ट्रात अजून आहे. मधल्या काळात पोरांनी माडावर चढणं सोडलं.

गोवा 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे 1949 ची बंदी तिथे पोहोचलीच नाही. सत्तरी, डिचोली, पेडण्यात भट्ट्या पेटत राहिल्या. बोंडू कोळंबी म्हणतात त्या दगडात कोरलेल्या कुंडात पायांनी तुडवतात, रस मोठ्या मडक्यांत दोन-तीन दिवस आंबवतात आणि मग भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, चढवतात. पहिल्या गाळपाचा तो सौम्य उर्राक; तो आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी. नावातच फेण आहे, कारण जाणता माणूस फेसाच्या बुडबुड्यांवरून कडकपणा ओळखतो. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेय ठरवलं. एकेकाळी जिला नाक मुरडलं जायचं ती अशी मानाने उभी राहिली.

महाराष्ट्राने 2022 मध्ये काजूबोंडू आणि मोहफुलांचं मद्य देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घातलं. पाऊल योग्यच, पण पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेलं गाळण्याचं कसब सरकारी आदेशाने परत येत नाही.

आता गोव्यात लोक हंगामात मुद्दाम भट्टी बघायला जातात. जायचं तर मार्च ते मे या दिवसांतच. चेपलेल्या चोथ्यातून ठिबकणारा गोड नीरो तिथेच प्यावा लागतो, आणि उर्राक टिकत नाही. पावसाचा पहिला सडाका आला की उरलेले बोंडू पाणचट होतात आणि भट्टीखालची लाकडं ओढून घेतात.